पाय दिला की गाडी विचारात पडते: यवतेश्वर घाटात डिझेल एसयूव्ही पिकअप घेईना

गोडोलीकर | रविवार, रात्री ९.१०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आता गळ्याशी आलं म्हणून पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी सात सीटर डिझेल, २.२ लिटर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), हाताने टाकायचे गिअर. २०१७ ची, म्हणजे बीएस ४. रनिंग ९४ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर 'तुझी भारी की माझी' सुरू होतं आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

त्रास असा. समर्थ मंदिराकडून कासच्या रस्त्याला लागलं की पहिली दोन-तीन वळणं काही नाही. पुढे तिसऱ्या गिअरला, पंधराशे-सोळाशे आरपीएमवर एक्सलेटर दाबला की दोन सेकंद सगळं शांत. आवाज तेवढाच, वेग तेवढाच. मग बावीसशेच्या पुढे काटा गेला की मागून कुणी ढकलल्यासारखी एकदम पळते. हायवेला ओव्हरटेक करताना हेच झालं तर जीव वरखाली होतो. मागच्या रविवारी आई मागच्या सीटवर होती, म्हणाली, "गाडीला उचकी लागलीया का रं?"

सुरुवात जानेवारीत झाली. चार दिवस गावी होतो, रहिमतपूरच्या अलीकडे. ऊसतोड चालू होती म्हणून गाडी शेडातच उभी. निघताना टाकी रिकामी आणि पंप लांब, म्हणून आण्णांच्या ट्रॅक्टरच्या कॅनमधलं २० लिटर डिझेल ओतलं. परतीच्या वाटेवरच पहिल्यांदा जाणवलं.

आतापर्यंतचा खर्च: डिझेल फिल्टर १,२५०, एअर फिल्टर ४८०, ईजीआर झडपेची साफसफाई २,५००. फरक शून्य. काल दुसऱ्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, स्क्रीनकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "टर्बो गेलाय. ४५ हजार धरून चला."

टर्बो खरंच गेला असेल का? जाणकारांनी बोला.

कंदीपेढा | रविवार, रात्री ९.२२

डॉक्टरला कळेना की व्हायरल, मेस्त्रीला कळेना की टर्बो. लगेच ४५ हजार काढू नका.

पेट्रोलच_बरं | रविवार, रात्री ९.३१

डिझेल घेतलीत तिथेच चुकलं. बाकी चालू द्या.

बामणोलीची_लाँच | रविवार, रात्री ९.४८

उत्तर तुमच्याच धाग्यात आहे की राव. कॅनमधलं डिझेल! शेडातला कॅन म्हणजे तळाला पाणी, गंज, वर वाळकं पाचट. आमच्याकडे पावसाळ्यात हे दरवर्षी एकाला तरी भोवतं.

फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. तो सैल करून पाव लिटर काचेच्या बाटलीत काढा आणि रात्रभर हलवू नका. डिझेल हलकं, पाणी जड, त्यामुळे पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो. दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. पाणी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोजलपर्यंत गेलं असेल तर मात्र खिशाला मोठी कात्री.

जुना_फिटर | रविवार, रात्री १०.१५

पाण्याचं डिझेल असतं तर सकाळी स्टार्टिंगला त्रास झाला असता, उभ्या गाडीत इंजिन थरथरलं असतं. धागाकर्त्याने यातलं काहीच लिहिलेलं नाही. तरी बाटली भरून बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

मी एसटीच्या वर्कशॉपात २८ वर्षं काढली. तिथे एक शिकलो, गाडी कधी बिघडली यापेक्षा ती त्याआधी कुठे उभी होती हे आधी विचारायचं. यावर नंतर बोलतो.

गोडोलीकर | सोमवार, सकाळी ७.४०

बाटली काढून रात्रभर खिडकीत ठेवली होती. वरपासून खालपर्यंत एकसारखं पिवळसर, तळाला काही नाही. स्टार्टिंग एका सेल्फात. सौ. विचारतेय, ही बाटली खिडकीतून कधी हलणार.

अपडाऊन_पुणे | सोमवार, सकाळी ९.०५

माझ्या गाडीला अगदी हेच झालं होतं. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना ट्रकच्या मागे अडकायचो आणि ट्रक सरकला की माझी गाडी झोपलेली. जाताना बोगदा आहे, तिथे काही जाणवायचं नाही, येताना घाट आला की रडगाणं. निघालं काय तर इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) रबरी पाइप तडकलेला. जोर लावला की 'फुस्स' असा आवाज यायचा आणि मागे काळा धूर. पाइपाला हात लावला तर बाहेरून तेलकट. जुबली क्लिप आवळून आठवडा काढला, मग पाइप बदलला.

आणखी एक, ईजीआर साफ करण्यापेक्षा पत्रा मारून बंदच करून टाका. पिकअप बघा मग.

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ९.५०

@अपडाऊन_पुणे, इंटरकूलरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. ईजीआरला पत्रा मारायच्या मात्र मी विरोधात. तो झडपेचा पाइप थोडा जळका वायू परत इंजिनात सोडतो, त्यामुळे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतं. बंद केलात तर प्रदूषण वाढणार, वर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर दिवा लागतो. आणि मूळ दोष दुसरीकडे असला तर एक दोष लपवायला दुसरा करून ठेवल्यासारखं होईल.

@गोडोलीकर, मी कराडची, पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये नोकरी. तुमचं वर्णन चांगलं आहे, पण आकडे हवेत. एक ओबीडी डोंगल मिळवा, ते गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचतं, मोबाइलला जोडता येतं, कुणा मित्राकडे असेलच. तोवर हे सांगा:

इंजिन थंड असताना त्रास होतो का? जोर लावल्यावर शिट्टी किंवा फुस्स असा आवाज येतो का? धूर कसा? ब्रेक पेडल नेहमीपेक्षा कडक लागतं का?

गोडोलीकर | सोमवार, दुपारी १.२०

ताई, थंड असताना पहिली आठ-दहा मिनिटं गाडी पहिल्यासारखी. आवाज नाही. धूर किंचित.

ब्रेकचं तुम्ही विचारल्यावर आठवलं. परवा उतारावर पेडल दाबायला जरा जास्त जोर लागला होता. मला वाटलं पाय दुखतोय. पण ब्रेकचा आणि पिकअपचा काय संबंध?

कंदीपेढा | सोमवार, दुपारी १.२४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ढगातला_सातारा | सोमवार, दुपारी २.१०

कासला हवा विरळ असते म्हणून इंजिन गुदमरत नसेल? पठार बाराशे मीटरवर आहे.

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी २.४५

@ढगातला_सातारा, विचार चुकीचा नाही, पण हिशेब करून बघा. साताऱ्यात हवेचा दाब साधारण ९३० मिलिबार, कासला ८८० च्या आसपास. फरक पाच-सहा टक्क्यांचा. टर्बो नसलेल्या गाडीला तो थोडा जाणवतो, टर्बोवाली गाडी तो बऱ्यापैकी भरून काढते. आणि विरळ हवा दोन सेकंदांनी दाट होत नाही.

@गोडोलीकर, ब्रेकचा संबंध आहे. डिझेल इंजिनाला एक व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेकच्या बूस्टरला ओढ तोच देतो आणि अनेक गाड्यांत टर्बोचा कंट्रोलही त्याच ओढीवर चालतो. एकाच पंपावर दोन नळ. एका नळीला भोक पडलं की दुसऱ्याचाही जोर कमी होतो. अजून नक्की नाही, पण हे उलगडेपर्यंत घाटात जाऊ नका. पेडल आणखी कडक लागलं तर गाडी चालवूच नका.

गोडोलीकर | बुधवार, रात्री ८.५५

भाच्याकडून डोंगल आणलं. घाट सोडून कोरेगाव रस्त्याला गेलो, मोकळा पट्टा बघून तिसऱ्या गिअरला पूर्ण पाय दिला. भाचा बाजूला बसून स्क्रीन रेकॉर्ड करत होता.

किल्ली ऑन, इंजिन बंद: मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) ९३२ मिलिबार. (ताई, तुमचा ९३० चा आकडा तंतोतंत!)
रेल प्रेशर (नोजलकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब): मागणी ११८० बार, मिळतंय ११६५.
टर्बोचा दाब: मागणी २०५० मिलिबार, मिळतोय १३१०. दोन सेकंदांनी हळूहळू चढतो.
पेडल शून्यापासून शंभरपर्यंत सरळ जातं, मध्ये उडी नाही.
कोड: पी ०२९९, 'पेंडिंग' असं दाखवतोय.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९.३०

झकास. आण्णांचं डिझेल निर्दोष सुटलं. रेलमध्ये मागितला तेवढा दाब मिळतोय, म्हणजे फिल्टर, पंप, टाकी सगळे बाहेर. पेडलचा सेन्सरही बाहेर. उरली हवा.

पी ०२९९ चा अर्थ टर्बोचा दाब कमी पडतोय, एवढाच. टर्बो खराब आहे असं तो कोड सांगत नाही. तुमच्या गॅरेजवाल्याने बहुधा स्क्रीनवरचा 'टर्बो' हा शब्द वाचला आणि तिथेच थांबला.

आता मुख्य शक्यता दोन. एक, टर्बोने दाबलेली हवा वाटेत गळतेय, अपडाऊन_पुणे यांच्या पाइपासारखी. पण तुमच्याकडे आवाज नाही. दोन, टर्बोला 'आता जोर लाव' हा निरोपच पोचत नाही.

तुमच्या टर्बोत टर्बाइनच्या भोवती हलत्या पात्या असतात. शेतातल्या पाटाचं तोंड हाताने अरुंद केलं की तेवढंच पाणी जोरात उसळतं, तसं. आरपीएम कमी असताना सायलेन्सरकडे जाणारा वायूही कमी, म्हणून पात्या मिटतात, वाट अरुंद होते, वायू जोरात लागतो आणि टर्बो फिरतो. पात्या मिटल्याच नाहीत तर वायू तसाच निघून जातो. पुढे आरपीएम वाढले, वायू मुबलक झाला, की उघड्या पात्यांनीही टर्बो फिरायला लागतो. म्हणून तुम्हाला बावीसशेनंतर धक्का जाणवतो. या पात्या ओढते एक बारीक दांडी, आणि त्या दांडीला ओढतो व्हॅक्यूम.

जुना_फिटर | बुधवार, रात्री १०.०५

ताईंनी बरोब्बर सांगितलं. आता दांडी कशी बघायची ते मी सांगतो.

टर्बोच्या बाजूला छोट्या वाटीएवढा पत्र्याचा डबा दिसेल, त्याला वरून बारीक काळी नळी आणि खालून दांडी. त्यावर टॉर्च मारा. दुसऱ्याला किल्ली मारायला सांगा. इंजिन चालू झालं की दांडी एका दमात सेंटिमीटरभर तरी आत ओढली जायला हवी आणि तिथेच थांबायला हवी. इंजिन बंद केलं की परत बाहेर. मफलर, ओढणी, लोंबता शर्ट घालून वाकू नका, शेजारी पट्टा फिरत असतो. आणि हात लांब. टर्बो म्हणजे तापलेला तवा.

आता माझा राहिलेला प्रश्न. गाडी ऊसतोडीच्या वेळी चार दिवस शेडात होती म्हणालात. फड किती लांब?

गोडोलीकर | गुरुवार, सकाळी ८.१५

शेडाच्या भिंतीला लागूनच.

आणि आत्ता सकाळी दांडी बघितली. सौ.ने किल्ली मारली, दांडी खटकन आत, तिथेच थांबली. बंद केलं, बाहेर आली. अगदी तुम्ही लिहिलंय तसं. म्हणजे हेही नाही. आता ४५ हजारच का?

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ८.४०

थांबा! त्रास गरम झाल्यावर होतो ना? मग थंड गाडीवर दांडी बघून काय उपयोग? वीस मिनिटं फिरवून आणा आणि परत बघा.

जुना_फिटर | गुरुवार, सकाळी ८.४४

चूक माझी, गरम असताना बघा हे लिहायचं राहिलं. भिंतीला लागून फड, मग मला वाटतं आपण पोचलो.

गोडोलीकर | रविवार, दुपारी १२.३०

पोचलो!

सकाळी वाढे फाट्यापर्यंत चक्कर मारून आलो, बोनेट उघडून सौ.ला किल्ली मारायला सांगितली. दांडी अर्ध्यापर्यंत आली, थरथरली आणि परत बाहेर गेली. झोपेतल्या माणसाने कूस बदलायला जावं आणि बेत रद्द करावा, तसं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

मग इंजिन बंद करून, गार होऊ देऊन, त्या डब्यापासून बारीक नळी बोटाने धरून मागे मागे गेलो. डब्यावरून सोलेनॉइडला (विजेवर चालणारी छोटी झडप), तिथून बॅटरीच्या मागून पंपाकडे. बॅटरीच्या मागे बोट गेलं आणि काहीतरी खरखरीत लागलं. बॅटरी सोडवून उचलली. खाली उसाची चिपाडं, पाचटाचा भुगा आणि लेंड्या. पद्धतशीर घरटं! आणि त्याच्या बरोब्बर वर वळणावर नळीला दातांच्या दोन खुणा. एक नुसता ओरखडा, दुसरा अर्ध्यापर्यंत चिरलेला.

गंमत अशी की नळी हातात धरली तर चीर दिसतच नव्हती, दोन्ही ओठ घट्ट मिटलेले. वाकवली की उघडायची. थंड रबर कडक राहायचं, चीर बंद राहायची. गरम झालं की रबर मऊ, चीर उघडली, ओढ गायब. दोन्ही गॅरेजवाल्यांनी गाडी थंड असताना बोनेट उघडलं होतं, आणि बॅटरी तर कुणीच हलवली नव्हती.

पोवई नाक्यावरच्या स्पेअरच्या दुकानातून एक मीटर व्हॅक्यूम नळी आणली, ११० रुपये. दुकानदार आधी पेट्रोलची साधी नळी देत होता. घेऊ नका, तिची भिंत पातळ असते आणि ओढीने ती आतल्या आत चपटी होते. जाड भिंतीची, आतून मूळ नळीएवढीच हवी. जुना तुकडा सोबत न्या आणि मापून घ्या.

आता गरम गाडीवरही दांडी एका दमात आत. कोड पुसला. दुपारी जेवण आटोपून सगळ्यांना घेऊन यवतेश्वर चढणार आहे. आकडे संध्याकाळी.

गोडोलीकर | रविवार, संध्याकाळी ७.१०

तीच वळणं, तिसरा गिअर, सोळाशे आरपीएम. मागणी २०५०, मिळाले २०२०. उचकी नाही. ब्रेक पेडल लोण्यासारखं. आई यवतेश्वर येईपर्यंत झोपली होती.

ताई आणि फिटरकाका, साताऱ्यात आलात की पेढे माझ्याकडून.

कंदीपेढा | रविवार, संध्याकाळी ७.१४

माझं नाव घेतल्याबद्दल आभार.

अपडाऊन_पुणे | रविवार, रात्री ८.००

४५ हजार विरुद्ध ११०. त्या गॅरेजवाल्याला जाऊन जाब विचारा.

जुना_फिटर | रविवार, रात्री ८.३५

जरा दुसरी बाजूही ऐका. मेस्त्री बॅटरी काढून, गाडी गरम करून, नळ्या चाचपत दीड तास बसला आणि शेवटी ११० रुपयांची नळी बदलली, तर तुम्ही त्याला किती द्याल? 'नळीच तर बदलली' म्हणून दोनशे टेकवाल. शोधण्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं, पार्ट दिसला की देतं. मग तोही पार्टच सांगतो. मापाशिवाय टर्बो सांगणं चूकच, त्यात वाद नाही. पण पुढच्या वेळी गॅरेजात गेलात की आधीच सांगा, 'शोधायचे वेगळे देतो, पण मोजून दाखव.'

शाहूनगरी | सोमवार, सकाळी १०.२०

धागा हायजॅक करतेय, माफी. आमची पेट्रोल, टर्बो नाही, पाय दिला की झटके देते. इंजिनाचा दिवा मधेच लुकलुकतो. आणि भावाची बीएस ६ डिझेल आहे, तीही हल्ली ओढत नाही. तिथेही नळीच?

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी १२.१५

नाही, तुमच्याकडे नळीपासून सुरुवात करू नका. पेट्रोलला झटके आणि लुकलुकता दिवा म्हणजे बहुतेक मिसफायर, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. आधी प्लग, मग इग्निशन कॉइल. कॉइल एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर अदलाबदल करा. मिसफायरचा कोड तिच्यासोबत सरकला तर दोषी तीच. नंतर थ्रॉटल बॉडीतला (हवा आत सोडणारी झडप) काळा थर आणि फ्युएल पंपाचा दाब. लुकलुकत्या दिव्यावर गाडी ताणू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग बसतो.

भावाची गाडी एप्रिल २०२० नंतरची असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडकवणारा फिल्टर, बघा. रोज घर ते राजवाडा एवढंच फिरणं असेल तर काजळी जाळायला गाडीला वेळच मिळत नाही. कोड पी २४६३ असेल तर संशय पक्का. दिवा नुकताच लागला असेल तर हायवेला वीस-पंचवीस मिनिटं सलग, जरा चढ्या आरपीएमवर चालवायची आणि मधे बंद करायची नाही. दिवा दोन-तीनदा येऊन गेला असेल तर मात्र स्कॅनरवाल्याकडेच.

मिरजमळा | सोमवार, रात्री ९.००

आमच्याकडेही ऊस. उंदरांवर उपाय काय? डांबरगोळ्या, तंबाखू, कापूर सगळं झालं. आमच्याकडचे उंदीर तंबाखू मळून खातात असं वाटतं.

जुना_फिटर | सोमवार, रात्री ९.२५

वासाचा उपाय चार दिवस टिकतो. फड तुटला की बेघर झालेले उंदीर उबेला येतात, आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाइतकी ऊब आणखी कुठे? तोडीच्या काळात गाडी फडापासून लांब, मोकळ्यावर लावा, रात्री बोनेट उघडं ठेवा. उंदराला अंधार हवा असतो. शेडातच लावायची असेल तर नळ्यांवर बारीक जाळी गुंडाळा. आणि गावाहून निघताना आधी बॅटरीमागे टॉर्च मारा.

मिरजमळा | सोमवार, रात्री ९.५०

आत्ताच टॉर्च मारून आलो. वायपरच्या पाण्याची नळी अर्धी गायब आहे.

गोडोलीकर | मंगळवार, सकाळी ८.०५

शेवटची बातमी. काल आण्णांना फोन करून सांगितलं, "तुमच्या डिझेलचा काही दोष नव्हता, नळी उंदराने खाल्ली होती." ते म्हणाले, "महिनाभर सगळ्या पावण्यारावळ्यांत माझ्या कॅनचं नाव घेतलंस. आता येताना २० लिटर भरून आण."